खिडकीखालची टाकी

"तुम्ही जरा बाहेर थांबा," मी म्हणालो. "सगळ्याच."

वखारीतल्या सात-आठ बायका हातातल्या कोयत्या तशाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. आश्विन सरत आला होता, बांगड्याची रास पडली होती आणि चिरायचं काम ऐन भरात होतं. तिवईवर कॅमेरा चढवून मी दाराशी उभा होतो.

"आमी भायर?" येसूआजी म्हणाली. ती त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी. तोंडात दात चारच, पण जीभ शाबूत. "मगे फोटो कोणाचो काढतलात? मांजराचो?"

"वखारीचा, आजी. या वास्तूचा."

"वखारीक काय बगूचा? दगड ते. आमची थोबाडां वंगाळ दिसतत काय?"

बायका हसल्या. मीही हसलो. द्वारकाबायनं मात्र कोयती खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "भाऊ सांगतत ना, मगे चला गो. उठा. टोपल्यो पण घेवा."

द्वारका कुबल ही त्या बायकांची पुढारीण. पन्नाशीची, अंगानं बारीक, आवाज कधी न चढवणारी. तिच्या एका शब्दावर सगळ्या उठल्या. टोपल्या, घागरी, मिठाची पोती, फळ्या, फळ्यांवर दाबायचे दगड, एकेक करून सगळं बाहेर उन्हात गेलं. येसूआजीनं जाताना कोपऱ्यातलं मांजरही उचलून नेलं. "ह्याचो पण नको ना? बरा."

शिरवणे बंदरातली ती खारवणीची वखार जांभ्या दगडाची होती. वर नळ्यांचं छप्पर, समुद्राच्या बाजूला एकच अरुंद खिडकी आणि जमिनीत खोदलेल्या दगडी तीन टाक्या. चिरलेली मासळी आणि मीठ यांचे थर टाकीत एकावर एक देत जायचे, वर फळ्या टाकून दगड ठेवायचे, अशी तिथली रीत. भिंतींना मिठानं पांढरी किनार धरली होती. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीतून उजेडाचा एक तिरपा पट्टा आत येई आणि बरोबर खिडकीखालच्या टाकीच्या काठावर पडे. तो पट्टा मला हवा होता. दोन टाक्या दाराशी होत्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीमागे. प्रश्न खिडकीखालच्या तिसरीचा होता. ती भरलेली होती.

"द्वारकाबाय, ही टाकी तेवढी रिकामी करायला हवी."

ती टाकीच्या काठाशी जाऊन उकिडवी बसली.

"मासळी दुसऱ्या टाकीत घालता येणार नाही का? थोड्या वेळापुरती?"

"घालूक येतली. पण टाकी रिकामी ठेवची नाय, भाऊ." ती शांतपणे सांगू लागली. "आमच्यात टाकी धुवान कोरडी ठेवली म्हणजे ती सोडली. माझ्या सासूची भैण मुंबयक गेली, तेवा जाताना टाकी धुवान गेली. मगे ती दुसऱ्यांनी घेतली तरी कोण काय बोलणा नाय. जागेवाल्याक पण तसाच कळता. मीठ असा म्हणजे माणसां परत येतली. मीठ नाय म्हणजे गेली."

जागेवाला म्हणजे त्या जागेचा राखणदार. कोकणात प्रत्येक जुन्या जागेला असा कोणी तरी असतोच. मी देवाधर्माचा माणूस, असल्या गोष्टीला मी कधी हसलो नाही. त्या दिवशीही हसलो नाही. पण उजेडाचा पट्टा सरकत होता.

"पुस्तकासाठी आहे हे," मी म्हणालो. "तुमच्या नातवंडांची नातवंडं बघतील, की आमच्या बायकांची वखार अशी होती. टाकीच्या आतला घडीव दगड दिसला पाहिजे. तो दगड कोणी घडवला असेल, किती वर्षं झाली असतील, तेच तर दाखवायचं आहे."

द्वारकाबायनं मान वर केली. "तुमी देवळात बुक्को लावतात ना?"

"हो."

"दोन वर्सांमागे मी इल्लंय कीर्तनाक. वाडीतल्यो आमी सगळ्यो दाराजवळ भायर बसलेलो. तुमी ताट घेवन थंय भायर इलात आणि एकेकीच्या कपाळाक बुक्को लावलात." ती उठली. "तो हात आमका वायट करूचो नाय. चला, काढतो. पण मूठभर मीठ कोपऱ्यात ऱ्हवांदे."

"राहू दे. मूठभर राहू दे."

बायकांनी टाकी उपसली, गोड्या पाण्यानं धुतली, फडक्यानं कोरडी केली. द्वारकाबायनं पोत्यातून एक मूठ मीठ आणून डाव्या कोपऱ्यात ठेवलं, त्याच्यावरून हात फिरवला आणि ती बाहेर गेली. दार अर्धं ओढून घेतलं. मी चार फोटो घेतले. पाठीमागे दोन टाक्या बांगड्यांनी काठोकाठ भरलेल्या, बाहेर बायकांची बडबड चाललेली, आणि कॅमेऱ्याच्या काचेत मात्र अशी शांतता, की देवळात आरती संपून सगळे घरी गेल्यावर असते तशी.

दुपारी द्वारकाबायनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. उकड्या तांदळाचा भात, खाऱ्या बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. "सप्ताह नाय ना सुरू?" तिनं आधी विचारून घेतलं होतं.

आज या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. स्टुडिओ आता पुतण्या चालवतो. तेव्हा तालुक्याच्या गावी 'रेडीज फोटो स्टुडिओ' ही पाटी माझी होती. मी मूळचा चिपळूणकडचा, म्हणून बोली माझी वेगळी राहिली, पण गावानं मला आपलं म्हटलं ते कीर्तनामुळे. आयुष्यात मला व्यसन एवढंच. बुवांनी पूर्वरंगात एखादं कठीण निरूपण सोपं करून सांगावं, मध्यंतरात बुक्का लावायला ताट घेऊन मी उठावं, आणि उत्तररंगात आख्यान ऐकताना हातातली झांज वाजवायची विसरून जावी. असा एक उत्सव चुकवला नाही मी.

आणि तिथंच मला दिगंबरराव वालावलकर भेटले. त्यांचा छापखाना होता. उत्सवाची पत्रकं ते फुकट छापून देत आणि कीर्तनाला पेटीची साथ करत. वीस वर्षं आमची जागा ठरलेली, ते पेटीवर आणि मी त्यांच्या डाव्या हाताला झांज घेऊन. बुवांनी करुण प्रसंग रंगवला, की दिगंबररावांचे डोळे झरझर वाहायचे. हात पेटीवर, त्यामुळे पुसायची सोय नाही. मग मीच उपरण्याच्या टोकानं त्यांचे गाल पुसायचो. लोक आम्हाला हसायचे. त्यांच्या मुलीच्या, वृंदाच्या, लग्नाचे फोटो मी काढले, त्या लग्नात तिच्या मामाच्या शेजारी उभा राहिलो.

त्या वर्षी श्रावणात ते स्टुडिओत आले. म्हणाले, "पुरुषोत्तमा, एक काम मनात आहे. बंदरावरच्या कामाच्या जुन्या जागा. वखारी, बर्फ साठवायची कोठारं, होड्या बांधायचे मांगर. देवळांचे फोटो सगळे काढतात. या जागांचे कोण काढणार? मी छापतो, तू काढ. आपल्या दोघांचं नाव एका पुस्तकावर."

मला भरून आलं होतं. आयुष्यभर मी पासपोर्ट आणि लग्नं काढली. कोणी माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं.

"एकच," ते म्हणाले. "माणसं नकोत. माणसं आली की बघणारा माणसांकडे बघतो. वास्तू एकटी उभी राहिली पाहिजे. आणि प्रत्येक फोटोच्या मागे तारीख, ठिकाण, तुझी सही, शिक्का, आणि 'आहे त्या स्थितीत घेतला' असं लिही. पुस्तकाला शिस्त हवी."

मी दसऱ्यापासून हिंडलो. शिरवण्याला चार खेपा घातल्या. सुताराच्या मांगरात अर्धी होडी उभी होती, तिच्यामागची रिकामी बाजू तेवढी घेतली. बर्फाच्या कोठारात भाताचं तूस पसरलेलं होतं, तिथं कामाला असलेल्या दोघांना चहा पाजून बाहेर बसवलं. सगळ्यांत साधला तो वखारीचा.

तो मी अंधारखोलीत मोठ्या कागदावर छापला. रसायनाच्या थाळीत चित्र उमटताना बघून मी हात जोडले, खोटं सांगत नाही. खिडकीतून उतरलेला उजेड, टाकीचा घडीव काठ, आतला गडद काळोख. आणि त्या काळोखात डाव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका. मूठभर मीठ.

कागद वाळल्यावर मी तो भिंतीला लावला आणि लांबून पाहिला. नजर सगळीकडे फिरून त्या ठिपक्यावर येई. जवळून पाहिला, तरी तेच. स्थळांना पाठवायच्या मुलींच्या फोटोंतले तीळ, देवीचे व्रण, कपाळावरची खोक, असलं काय काय मी वीस वर्षं पुसत आलो होतो. मांजराच्या केसाचा ब्रश, डिंकात कालवलेला काळा रंग. हाताला सवयच. बुवांनी आदल्या उत्सवात म्हटलेली एक चाल गुणगुणत मी पाच मिनिटांत तो ठिपका काळोखात मिळवून टाकला. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

मग फोटो उलटा करून मागे लिहिलं, 'शिरवणे बंदर, खारवणीची वखार. आहे त्या स्थितीत घेतला.' सही केली आणि शिक्का मारला.

दिगंबररावांनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग माझा हात दाबला. निगेटिव्हही त्यांनी मागून घेतल्या. छपाईचे ठसे करायला लागतात म्हणाले.

माघात एक दिवस द्वारकाबाय स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली. आत या म्हटलं, तर म्हणाली, "अंगाक मासळीचो वास येता, तुमची गिऱ्हायकां पळतली." मग कमरेचा कागद काढून माझ्यापुढे धरला.

ती नोटीस होती. वखारीची जागा सरकारी. पन्नासेक वर्षांपूर्वी ती खारवणी करणाऱ्या बायकांना दिलेली, अट एवढीच की वापर चालू असला पाहिजे. वापर थांबला तर जागा परत. आता कोणी तरी अर्ज केला होता, की वखार अनेक वर्षं बंद पडून आहे, ती हॉटेलासाठी मिळावी. मंगळवारी सुनावणी होती.

"बंद?" मी म्हणालो. "मी डोळ्यांनी पाहिली आहे."

"म्हणानच इलंय. भाऊ, तुमी येवा. आमी बायकांनी सांगल्यान तर म्हणतले, ह्यो आपल्या पोटासाठी बोलतत. तुमी देवळातले माणूस. तुमी सांगलात की आमी थंय काम करतो, मगे प्रश्नच नाय."

"येतो. फोटोही आणतो. मांगराचे, वखारीचे, सगळे."

तिचा चेहरा उजळला. "फोटो आसत, ता माझ्या ध्यानातच नाय इला बगा. टाकीत मीठ दिसता ना? ता दाखवा. मीठ असा म्हणजे झाला."

मी हो म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी मला पुसलेला ठिपका आठवलाच नाही. रोज पुसणाऱ्याला आठवत नाही.

संध्याकाळी मी छापखान्यात गेलो. दिगंबरराव खिळे जुळवणाऱ्याच्या पाठीशी उभे होते. मी त्यांना नोटिशीचं सांगितलं आणि फोटो मागितले.

"अरे, ते तर मुंबईला पाठवले," ते म्हणाले. "ठसे तिकडे होतात. पंधरा दिवस तरी लागतील."

"निगेटिव्ह?"

"सगळं एकत्रच गेलं." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू कशाला सरकारी लफड्यात पडतोस, पुरुषोत्तमा? तुझं मन हळवं. गुरुवारी बुवा येतायत, त्याचं बघ."

मी त्यांना म्हणालो, की शब्द दिलाय, जावंच लागेल.

मंगळवारी कचेरीत मोठ्या खोलीत एका बाजूला बाकावर वाडीच्या बायका होत्या. धुतलेली लुगडी, डोक्यात अबोली. येसूआजीनं मला बघून जागा केली. "येवा रेडीजानु. आज आमका भायर काढू नकात."

सुनावणी घेणारे साहेब तरुण होते, आवाज मऊ. अर्जदाराचा वकील उठला. म्हणाला, वखार पडीक आहे हे तोंडी सांगण्याची गरज नाही, पुरावा आहे. त्यानं पिशवीतून एक मोठं पाकीट काढलं आणि त्यातून फोटो. पाकीट मी ओळखलं. ते माझ्याच स्टुडिओचं होतं.

मांगराचा फोटो आला. कोठाराचा आला. मग वखारीचा.

"या ठिकाणी ना माणूस, ना अवजार, ना मासळी. टाकी कोरडी ठणठणीत. मागे छायाचित्रकाराची सही आहे, साहेब, 'आहे त्या स्थितीत घेतला.' छायाचित्रकार इथंच बसलेले आहेत. गावातले सज्जन गृहस्थ आहेत."

मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर दिगंबरराव होते, आणि त्यांच्या शेजारी वृंदाचा नवरा. तो गुडघ्यावर नकाशाची सुरळी धरून बसला होता. हॉटेल कोण बांधणार आहे ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

द्वारकाबाय उभी राहिली होती. घाबरलेली नव्हती. "सायबानु, ह्यो फोटो माझ्या फुड्यात काढलो. भाऊंनी सांगल्यानी म्हणान आमी टाकी उपसली, भायर गेलो. पण कोपऱ्यात बगा. डाव्या कोपऱ्यात मीठ असतला. आमी मीठ ठेवल्याशिवाय टाकी रिकामी करणव नाय. सोडलेल्या टाकीत मीठ नसता."

साहेबांनी फोटो खिडकीच्या उजेडाला धरला. चष्मा वर केला, जवळून पाहिला. "डावा कोपरा म्हणता?"

"डावो."

"इथं काही नाही, बाई."

"असतला. बारीक असतला."

"तुम्हीच बघा."

ती टेबलापाशी गेली. फोटोवर वाकली. त्या कोपऱ्यावर तिनं एक बोट ठेवलं, जणू हाताला लागेल. मग ती वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, तुमी सांगा. मीठ होता ना?"

मी दिगंबररावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, अगदी किंचित. बुवा गद्य बोलायला लागले, की ते तबलजीला 'थांब' म्हणून जशी हलवत, तशी.

मला वाटतं, मी बराच वेळ बसून राहिलो. येसूआजी नंतर सांगायची, की साहेबांनी मला दोनदा हाक मारली. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं. सही माझी, शिक्का माझा. उद्या गावात कोण माझ्याकडे येईल? उत्सवाच्या मंडळात मला कोण ठेवील? वृंदा मला काका म्हणते. पण खरं सांगायचं तर उठलो ते द्वारकाबायचं बोट अजून त्या कोपऱ्यावरच होतं म्हणून.

"साहेब," मी म्हणालो, "थोडं पाणी हवंय."

शिपायानं पेला आणला. त्यांना वाटलं, प्यायला हवंय. मी टेबलाशी गेलो, पेल्यात बोट बुडवलं आणि फोटोच्या डाव्या कोपऱ्यावर हळूच फिरवलं. डिंकातला रंग भिजला, सुटला, बोटाला आला. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. काळ्या ओघळाखालून कागद पांढरा होत गेला. आधी एक कण, मग मुठीएवढा ढीग, त्याच्यावरून फिरलेल्या हाताची खूणसुद्धा.

कारकून खुर्चीतून अर्धा उठला.

"हे तुम्ही झाकलं होतंत?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"आणि मागे लिहिलंत, आहे त्या स्थितीत."

"हो."

"टाकी रिकामी कोणी करवली?"

"मीच. बायकाही मीच बाहेर काढल्या. दोन टाक्या माझ्या पाठीमागे भरलेल्या होत्या."

"म्हणजे तुम्ही सही करून खोटं लिहिलंत."

"हो, साहेब."

ते त्यांनी कारकुनाला सांगून लिहून घेतलं. वाचून दाखवलं, मी खाली सही केली. साहेबांनी फोटो सगळे पुराव्यातून बाजूला काढले आणि सांगितलं, की शुक्रवारी सकाळी ते स्वतः वखार बघायला येतील.

व्हरांड्यात मी द्वारकाबायला गाठलं. बाकीच्या पुढे गेल्या होत्या. माझ्या बोटाला काळं लागलेलं होतं, ते मी धोतराला पुसत होतो आणि ते जात नव्हतं.

"मीठ कित्याक पुसलात, भाऊ?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच तिला कळत नव्हतं.

"डोळ्याला टोचत होतं. चित्रात."

तिनं यावर विचार केला. "आमका ताच बगून बरा वाटता," ती म्हणाली.

"द्वारकाबाय, मला काही ठाऊक नव्हतं. दिगंबररावांनी मला फसवलं."

"तेंनी तुमका फसवल्यानी," ती म्हणाली. "आमका कोणी?"

आणि पदर सारखा करून ती पायऱ्या उतरून गेली.

गुरुवारी बुवांचं कीर्तन होतं. जाऊ नये असं वाटत होतं, पण पाय गेले. नेहमीच्या जागी बसलो नाही, खांबाआड बसलो. सर्वस्व देऊन टाकलेल्या एका राजाचं आख्यान होतं. उत्तररंगात बुवांनी राजाच्या राणीचा विलाप धरला आणि मी पेटीकडे पाहिलं. दिगंबररावांचे डोळे वाहत होते. गालांवरून, हनुवटीवरून, पेटीच्या पट्ट्यांवर. पुसायला शेजारी कोणी नव्हतं.

ते अश्रू खोटे असते तर मला सोपं गेलं असतं. वीस वर्षं मी ते पुसले आहेत, मला माहीत आहे, खरे होते.

कीर्तन संपल्यावर ते स्वतःच माझ्याकडे आले. म्हणाले, "वृंदाचा संसार आहे तो, पुरुषोत्तमा. जावयानं सगळं त्यात घातलंय. मी काय करणार होतो?"

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं, तर तू टाकी रिकामी केली असतीस?"

मी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिलो.

"आणि एक सांगू?" ते म्हणाले. पेटी वाहून नेणाऱ्याला त्यांनी हातानं थांबवलं. "मीठ पुसायला मी सांगितलं नव्हतं हो तुला. मला तर ठाऊकही नव्हतं, की तिथं मीठ आहे."

बुक्क्याचं ताट त्या दिवशी दुसऱ्याच कोणी फिरवलं होतं. माझ्यापाशी ते आलं तेव्हा मी मान खाली घातली आणि ताट पुढे गेलं.

शुक्रवारी मी पहिल्या गाडीनं शिरवण्याला गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. साहेब आले, बरोबर कारकून, तलाठी. वखारीचं दार सताड उघडं होतं आणि आत काम चाललेलं. बायकांनी मान वर केली नाही. बाहेरूनच दिसत होतं, दाराशी दोन टाक्यांवर फळ्या, फळ्यांवर दगड. साहेब आत शिरले. येसूआजीचा आवाज आला, "सायबानु, पाय जपान. हयसर मांजर असा, ता फोटोत येवक नाय."

आत कोणी तरी हसलं.

साहेबांच्या मागोमाग मीही उंबऱ्याशी पोचलो. मला एवढंच बघायचं होतं, खिडकीखालची टाकी भरलेली. द्वारकाबाय दाराशी आली. तिच्या हातात मीठ होतं, कोपरापर्यंत पांढरी झाली होती. तिनं मला वाट अडवली नाही, हात आडवा धरला नाही. फक्त उभी राहिली.

"तुमी वायच भायर थांबा, भाऊ," ती म्हणाली.

मी मागे झालो. अंगणात त्या दिवशी जिथं टोपल्या आणि घागरी आणून ठेवल्या होत्या, तिथं उन्हात जाऊन उभा राहिलो. आत साहेब काही विचारत होते, द्वारकाबाय उत्तर देत होती. मग तिनं हातातलं मीठ टाकीत फेकलं असावं. ओल्या मासळीवर मीठ पडल्याचा आवाज आला.